न दुखणारी जखम

वऱ्हाडात तूर सोंगली की वावरात धसकटं उरतात. विळ्याच्या तिरक्या घावाने कापलेली, टोकदार, वाळून खणखणीत झालेली. त्यातलं एखादं अनवाणी पायात शिरलं तर धडधाकट माणूस कळवळून पाय उचलतो, खाली बसतो, काटकी उपसून काढतो आणि पुढचे दोन-तीन दिवस लंगडतो. हे लंगडणं म्हणजे शरीराने स्वतःच स्वतःला दिलेलं औषध असतं. दुखऱ्या जागेवर भार पडत नाही आणि जखमेला भरून यायला सवड मिळते.

तेच धसकट तळवा बधिर झालेल्या पायात शिरलं तर काहीच घडत नाही. माणूस चालत राहतो. संध्याकाळी घरी येतो आणि ओसरीवर उमटलेले रक्ताचे ठसे पाहून घरातलं कुणीतरी विचारतं, हे काय? तोवर ती काटकी प्रत्येक पावलागणिक आत गेलेली असते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर जातो, कारण त्याला काही दुखत नसतं. "दुखत नाई, मंग दवाखान्यात कायले जाऊ?" हा प्रश्न वऱ्हाडातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांना आणि आशाताईंना नवा नाही. जखमा, त्यांचं भरून येणं आणि प्लास्टिक सर्जरीने त्यात काय साधतं, हे समजून घ्यायचं तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते.

अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ कोठारा नावाचं गाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, मेळघाटच्या तोंडावर. तिथे दी लेप्रसी मिशन या संस्थेचं रुग्णालय आहे. वेलस्ली बेली नावाच्या आयरिश शिक्षकाने 1874 साली सुरू केलेल्या कामातून ही संस्था वाढली आणि देशभर तिची रुग्णालयं उभी राहिली. कोठाऱ्याला मेळघाटातले कोरकू येतात, वऱ्हाडातले शेतमजूर येतात, डोंगरापलीकडच्या मध्य प्रदेशातूनही लोक येतात. वाकड्या झालेल्या बोटांवर, लुळ्या पडलेल्या पावलांवर, न मिटणाऱ्या डोळ्यांवर इथे शस्त्रक्रिया होतात. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातल्या नट्यांची नाकं येतात. भाकरीचा तुकडा मोडता येणं, सुईत दोरा ओवता येणं, झोपताना डोळा मिटणं यांसाठी जी सर्जरी होते तीही हीच, आणि माझ्या मते तिचं सर्वांत मोलाचं काम हेच आहे.

कुष्ठरोगात बोटं झडतात, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. महारोग हा शब्द नुसता उच्चारला तरी डोळ्यांपुढे झडलेली बोटं उभी राहायची. प्रत्यक्षात कुष्ठरोगाचा जंतू बोटं खात नाही. नॉर्वेच्या गेरहार्ड हॅन्सन यांनी 1873 मध्ये तो शोधला. अतिशय संथ जंतू आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-तेरा दिवस लागतात, म्हणून लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक वर्षं जातात. त्याला शरीरातल्या थंड जागा मानवतात आणि मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत तो घर करतो. साहजिकच जिथे मज्जातंतू कातडीच्या अगदी खालून जातात तिथे तो जास्त नासधूस करतो. कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्यामागे आणि डोळ्याच्या कडेला गालाच्या हाडावर. कोपराला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तो अनुभव प्रत्येकाला आहे. तोच तो मज्जातंतू. तो निकामी झाला की करंगळी आणि अनामिका आधी बधिर होतात, मग वाकू लागतात. घोट्यामागचा गेला की तळवा बधिर होतो. गुडघ्याजवळचा गेला की पाऊल लुळं पडतं आणि चालताना पंजा जमिनीवर घासत जातो.

मग बोटं आखूड होतात ती कशाने? या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो पॉल ब्रँड या सर्जनने. आईवडील इंग्रज मिशनरी, जन्म 1914 चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला. 1946 साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले आणि पुढच्या वर्षी चिंगलपेटला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे शेकडो वाकडे हात त्यांनी पाहिले. या हातांवर आजवर हाडांच्या किंवा हातांच्या कुठल्याच सर्जनने काम कसं केलं नाही, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. ते स्वतः कामाला लागले. रुग्णांच्या रोजच्या हालचाली त्यांनी बारकाईने पाहिल्या. एकदा गंजलेलं कुलूप ब्रँडना उघडेना, तेव्हा एका अशक्त दिसणाऱ्या मुलाने चावी घेऊन एका झटक्यात ते उघडलं. त्याच्या बोटातून रक्त ठिबकत होतं आणि चावीने हाडापर्यंत कातडी कापलेली होती, पण त्याला पत्ताच नव्हता. जोर किती लावायचा हे आपल्याला वेदना सांगते. त्याच्याकडे ती खूण उरली नव्हती. रात्री झोपेत बोटांचे तुकडे नाहीसे होतात, ही तक्रारही खरी निघाली. उंदीर येऊन बधिर बोटं कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णांना सोबत मांजर देण्याची पद्धत पडली. मांजर देऊन बोटं वाचवणं हे वैद्यकाच्या इतिहासातलं एक विलक्षण पण अगदी अचूक पाऊल होतं.

निष्कर्ष असा निघाला की बोटं गमावण्यामागे भाजणं, कापणं, चेपणं आणि त्यांतून झालेला पू हेच आहे. पू हाडापर्यंत जातो, हाड झिजतं, बोट आखूड होतं. म्हणजे हे सगळं टाळता येण्याजोगं आहे.

आता तळव्याच्या जखमेकडे वळू, कारण वऱ्हाडात रोजचा झगडा तिच्याशीच आहे. अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या मुळांशी तळव्यात जी हाडं टेकतात तिथे प्रत्येक पावलाला शरीराचा भार पडतो. आपल्याला नकळत आपण चाल बदलत असतो. एका जागी जरा चुरचुरलं की भार दुसरीकडे सरकवतो. बधिर पाय मात्र त्याच जागेवर, तसाच, हजारो वेळा आपटत राहतो. कातडीखालचं मांस आतल्या आत चिरडतं, तिथे फोड धरतो आणि एके दिवशी तो बाहेर फुटतो. म्हणजे जखम बाहेरून आत जात नाही, बऱ्याचदा आतून बाहेर येते. मज्जातंतू गेल्यामुळे घामही बंद झालेला असतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात तशा त्या कोरड्या टाचांना पडतात आणि तिथून जंतूंना वाट मिळते. अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत तापलेल्या डांबरी रस्त्यावरून चार पावलं अनवाणी गेलं तरी बधिर तळवा भाजून निघतो, आणि त्या माणसाला ते घरी गेल्यावर फोड पाहून कळतं.

अशा जखमेवर लोक काय काय लावतात ते सांगायला नको. हळद, तंबाखू, राख, कुठला तरी पाला, मेडिकलमधून आणलेलं मलम. यांतलं सगळ्यांत चांगलं औषध लावलं आणि माणूस चालत राहिला तर जखम भरत नाही. उलट काहीही न लावता, नुसती स्वच्छ फडक्याने झाकून, पाय महिना-दीड महिना टेकलाच नाही तर बहुतेक साध्या जखमा आपोआप भरतात. कुष्ठरोगातलं मांस भरून यायला नालायक असतं, ही जुनी समजूत अशी खोटी ठरली. भारतात 1939 मध्ये डॉ. जोसेफ खान यांनी अशा पायांना प्लास्टर घालून, माणसाला चालतं ठेवूनही जखमा भरतात हे मांडलं होतं. ब्रँडनी वेल्लोरला ही पद्धत घासूनपुसून घेतली. तळव्याला सगळीकडून नीट चिकटून बसणारं प्लास्टर घातलं की भार एका बिंदूवर न पडता पोटरीपर्यंत वाटला जातो. सहा ते आठ आठवड्यांनी प्लास्टर काढलं की वर्षानुवर्षं न भरलेली जखम कोरडी झालेली दिसते.

पण भरलेली जखम म्हणजे संपलेली जखम नव्हे. तळव्याच्या कातडीखाली चरबीच्या छोट्या छोट्या कप्प्यांची गादी असते. जखमेने ती गादी जाते आणि जागी येतो तो पातळ, हाडाला चिकटलेला व्रण. तो पहिल्यापेक्षा लवकर फुटतो. म्हणून खरं काम प्लास्टर काढल्यानंतर सुरू होतं, आणि ते काम चपलेचं आहे.

ही चप्पल जवळून पाहण्यासारखी असते. आरोग्य विभागात तिला एमसीआर चप्पल म्हणतात. मायक्रोसेल्युलर रबर नावाच्या, सूक्ष्म छिद्रांनी भरलेल्या मऊ रबराचा थर आत आणि खाली टणक सोल. बोटाने दाबलं तर आतला थर दबतो आणि लगेच वर येतो. तिच्यात एकही खिळा नसतो. सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला कळणारच नाही. टाचेमागे पट्टा असतो, कारण साधी चप्पल वाटेत निसटून पडली तरी हा माणूस तसाच पुढे चालत जातो. कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या चपला मोफत मिळतात. पूर्वी त्या सगळ्या एकाच छापाच्या, एकाच काळ्या रंगाच्या असत. दुरून पाहूनच गाव ओळखायचं की याला काय झालंय, आणि म्हणून अनेक जण त्या घालायचेच नाहीत. आता वेगवेगळ्या रंगांच्या, बाजारातल्या सँडलसारख्या दिसणाऱ्या चपला दिल्या जातात. बदल लहान दिसतो, पण माणसाला लाज न वाटता घालता येईल अशी चप्पल हा उपचाराचाच भाग आहे.

चपलेच्या जोडीला घरचा नेम. रोज वीस मिनिटं पाय घमेल्यात साध्या पाण्यात भिजवायचे. घट्टे पडलेली जागा वजरीने हलक्या हाताने घासायची. पाय न पुसता ओल्या कातडीवर तेल लावायचं, म्हणजे ओल आत राहते. तेल कुठलंही चालतं, घरातलं गोडं तेलसुद्धा. मग तळवा आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यायचा. कुठे लाल झालंय का, कुठे इतर जागेपेक्षा गरम लागतंय का. गरम लागणारी जागा ही होऊ घातलेल्या जखमेची आगाऊ सूचना असते. वेदना जे काम करायची ते आता डोळ्यांनी आणि हाताच्या स्पर्शाने करायचं. कोठाऱ्यासारख्या रुग्णालयात हे शिकवण्यावर शस्त्रक्रियेइतकाच भर असतो आणि तो असायलाच हवा.

आता शस्त्रक्रियेकडे. हाताचा पंजा वाकडा होतो तो बोटांच्या मुळाशी असलेले छोटे स्नायू लुळे पडल्यामुळे. ते स्नायू बोट मुळाशी वाकवतात आणि पुढे सरळ ठेवतात. ते गेले की मोठे स्नायू एकमेकांशी ओढाओढ करत राहतात. बोटं मुळाशी मागे जातात आणि पुढून आकड्यासारखी वळतात. पेला धरता येत नाही, घास घेता येत नाही, दोन्ही तळहात जुळवून नमस्कारसुद्धा होत नाही. मात्र बोट वाकवायला निसर्गाने दोन दोर दिलेत, एक वरचा आणि एक खोलचा. खोलचा एकटा काम भागवू शकतो. मग सर्जन एका बोटाचा वरचा दोर मोकळा करतो, त्याच्या चार पट्ट्या करतो आणि त्या चारही बोटांच्या मुळाशी गुंतवून शिवतो. अर्जेंटिनाच्या एदुआर्दो झान्कोली यांची ही युक्ती, जगभर लॅसो नावाने ओळखली जाते. तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये राहतो आणि त्यानंतर शाळा सुरू होते. जो स्नायू आयुष्यभर बोटाचं मधलं पेर वाकवत आला त्याला आता मुळाशी वाकवायचं शिकवायचं असतं. मेंदूला ही नवी जोडणी उमगायला कित्येक आठवड्यांचा सराव लागतो. फिजिओथेरपिस्ट समोर बसून तेच तेच पन्नास वेळा करून घेतात. या सरावाला न थांबता जो माणूस टाके निघाले की गावी पळतो, त्याची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही हात तसाच राहतो.

डोळ्याची शस्त्रक्रिया तर पाहणाऱ्याला थक्क करते. चेहऱ्याचा मज्जातंतू गेला की पापणी मिटत नाही. बुबुळही बधिर झालेलं असेल तर धूळ गेलेली कळत नाही, आणि मळणीच्या दिवसांत वऱ्हाडात धुळीला काय कमी. डोळा उघडाच राहतो, कोरडा पडतो, फूल पडतं, दृष्टी जाते. यावर उपाय म्हणून कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूची एक पट्टी सोडवून पापण्यांतून ओवली जाते आणि नाकाकडच्या कोपऱ्यात बांधली जाते. चावण्याच्या स्नायूला वेगळा मज्जातंतू चालवतो आणि त्याचा हा भाग कुष्ठरोगातून बहुतेक वेळा वाचलेला असतो. आता दात आवळले की डोळा मिटतो. रुग्णाला दिवसातून ठरावीक वेळा दात आवळायची सवय लावून घ्यावी लागते. जेवताना घासागणिक त्याची पापणी लवते आणि घरातल्या लहान पोरांना त्याची मोठी गंमत वाटते. गंमत वाटू द्यावी. तो डोळा शाबूत आहे.

नाकाच्या बाबतीत महाराष्ट्राचा जुना इतिहास इथे येतो. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत होता. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने मेणाचा साचा करून, कपाळावरची कातडी एका बाजूने तशीच जोडलेली ठेवून खाली वळवली आणि त्याला नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं. ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याचं चित्रासह वर्णन छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने बरीच तयारी केली आणि 1814 मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा एक धागा असा थेट पुण्याच्या कुंभाराकडे जातो. त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही, याची खंत वाटते.

कातडीचा रक्तपुरवठा तुटू न देता ती हलवायची, हे त्या कुंभाराला ठाऊक असलेलं तत्त्व आजही तसंच आहे. पण कुष्ठरोगातलं नाक कावसजीच्या नाकाच्या अगदी उलट असतं. कावसजीचं बाहेरचं नाकच गेलं होतं. कुष्ठरोगात बाहेरची कातडी शाबूत असते. जंतू आतल्या थंड अस्तरात वाढतात, मधला पडदा विरघळतो, अस्तर आक्रसतं आणि नाक खाली बसतं. ब्रिटनच्या सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हे लक्षात आलं. त्यांनी बाहेरून कातडी आणण्याऐवजी नाक आतून मोकळं केलं आणि आत कातडीचं नवं अस्तर लावून त्याला आधार दिला. गिलीज यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी हे काम महाराष्ट्रात आणलं. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी नाकं, भुवया, डोळे दुरुस्त केले आणि 1958 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. त्याच सुमारास विदर्भात डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. म्हणजे देशातल्या प्लास्टिक सर्जरीची सुरुवातीची पाळंमुळं बऱ्याच अंशी या मराठी मुलखात आणि बऱ्याच अंशी कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्यांवर रुजली.

तळव्यावर कातडी बसवणं मात्र फार कठीण. मांडीची पातळ कातडी तळव्याला लावली तर ती भार सोसत नाही, काही आठवड्यांत फाटते. म्हणून तळव्याच्या कमानीतली, जिथे भार पडत नाही तिथली जाड कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट सोडवून टाचेवर आणतात आणि कमानीच्या रिकाम्या जागी मांडीची कातडी लावतात. तळव्याला तळव्याचीच कातडी हवी. एवढं करूनही चप्पल न घालता तो पाय शेतात गेला तर वर्षभरात जखम पुन्हा हजर.

काही जखमा दाखल होतात त्या फार उशिरा. पावसाळ्यात अशा पायात अळ्या पडलेल्या सापडतात आणि रुग्णाला त्याची जाणीव नसते, वासावरून घरच्यांना कळतं. माशांच्या काही जातींच्या अळ्या फक्त मेलेलं मांस खातात, काही देशांत तर त्या निर्जंतुक करून मुद्दाम जखमेवर सोडल्या जातात. आपल्याकडे सापडणाऱ्या काही जातींच्या अळ्या मात्र जिवंत मांसही पोखरतात, म्हणून घरी बसून वाट पाहू नये. दुसरा धोका दहा-वीस वर्षं उघड्या राहिलेल्या जखमेचा. तिची कड एकाएकी जाड होऊन वर येऊ लागली, कोबीच्या फुलासारखी वाढ दिसू लागली, हात लागताच रक्त येऊ लागलं, तर तो कर्करोग असू शकतो. फ्रान्सच्या मार्जोलिन यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. तुकडा काढून तपासल्याशिवाय त्याचं निदान होत नाही. वेळेत कळलं तर पाय वाचण्याची आशा असते. जुनीच जखम आहे म्हणून पट्टी बदलत राहणं इथे जिवावर बेततं.

शस्त्रक्रियेचं फळ कुणाला मिळतं, याचे काही ठोस नियम आहेत. औषधांचा कोर्स निदान सहा महिने झालेला हवा. अंगावर रोगाची उसळी, म्हणजे रिअॅक्शन, निदान सहा महिने आलेली नसावी. हातापायावर उघडी जखम नको. सांधे मऊ हवेत. बोट एकदा आखडून घट्ट झालं की दोर हलवून काही उपयोग नाही. म्हणून तंत्रज्ञ तरुण रुग्णांना रोज बोटं तेल लावून सरळ करत राहायला सांगतात. पण वैद्यकीय नियमांइतकाच मोठा नियम पोटाचा. कपाशीच्या वेचणीचे दिवस दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात. वर्षाची मजुरी त्याच दिवसांत मिळते. त्या वेळी सहा आठवडे पाय टेकू नका हे सांगणं सोपं आहे, ऐकणाऱ्याला परवडणारं नाही. वेचणाऱ्या बाईची बोटं बधिर असतील तर वाळक्या बोंडांची टोकं तिला ओरबाडत राहतात. तरी ती वावरात जाते, कारण घरी बसली तर चूल पेटत नाही. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याला सरकार बुडालेल्या मजुरीपोटी पैसे देतं. आधी ते 8,000 रुपये होते, आता 12,000 आहेत. हाताची शस्त्रक्रिया, प्लास्टर आणि सराव धरून दोन-तीन महिने जातात, त्या हिशेबाने ही रक्कम आजही कमीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट कुठलीच शस्त्रक्रिया करत नाही. हात सरळ होतो, डोळा मिटतो, पाऊल उचललं जातं, पण संवेदना परत येत नाही. नीट झालेला हात जास्त काम करू लागतो, म्हणजे जास्त भाजतो आणि जास्त कापतो. तव्यावरून भाकर काढताना सांडशी, चहाच्या पेल्याला फडकं, कुऱ्हाडीच्या दांड्याला जाड कापड, हे सगळं मरेपर्यंत पाळायचं असतं.

अमरावतीने या रोगाकडे पाहण्याची एक वेगळी परंपरा घडवली आहे. होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यसैनिक शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनी 1946 मध्ये शहराच्या कडेला कुष्ठरुग्णांसाठी तपोवन सुरू केलं. आजूबाजूला वर्ध्याजवळ दत्तपूर होतं, पुढे वरोऱ्याला आनंदवन झालं. दाजीसाहेबांनी रुग्णांना भिकेच्या वाडग्यापासून दूर नेऊन कामाला लावलं, हात वाकडे असोत की आखूड. 1959 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या वेळी रुग्णाला डांबून ठेवायची मुभा देणारा 1898 चा लेपर्स अॅक्ट देशात अस्तित्वात होता. तो पूर्णपणे रद्द व्हायला 2016 साल उजाडलं. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, तेही 2019 मध्ये काढलं गेलं. हे तपशील इथे सांगायचं कारण जखमेशीच निगडित आहे. ज्या रोगाने घर सुटायची भीती असते तो रोग माणूस लपवतो, आणि लपवलेल्या काळातच मज्जातंतू मरतात. मज्जातंतूला सूज येऊन सहा महिने झाले नसतील तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तो बऱ्याचदा वाचतो. त्यानंतर नुसती दुरुस्ती उरते.

औषध 1982 पासून पक्कं आहे. तीन औषधांचं एमडीटी सहा ते बारा महिने घ्यायचं, सगळीकडे मोफत. पहिल्याच काही डोसांत रुग्णापासून इतरांना होणारा धोका जवळजवळ संपतो. तरी जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, वर्षाला सुमारे एक लाख.

याहून मोठी संख्या आता दुसरीकडून येते आहे. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. शुगर अनेक वर्षं वाढलेली राहिली की तळवा बधिर होतो आणि मग गोष्ट तीच घडते. न टोचलेला खिळा, न जाणवलेला फोड, न दुखणारी जखम. फरक एवढाच की इथे रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, त्यामुळे पाय कापायची वेळ लवकर येते. 1966 मध्ये ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि भारतातल्या कुष्ठरुग्णांवर शिकलेली प्लास्टरची पद्धत त्यांनी तिथल्या मधुमेहींच्या पायांसाठी वापरली. आज जगातल्या मोठ्या रुग्णालयांत मधुमेही पायाच्या जखमेला जो उत्तम उपाय मानला जातो तो हाच. तरीही अकोला-अमरावतीत शुगर असलेले आजोबा महिनोन् महिने मलमपट्टी बदलत त्याच जखमेवर चालत राहतात, आणि बाजूच्याच तालुक्यात कुष्ठरोगाच्या रुग्णांना मिळणारी मऊ चप्पल आणि पाय भिजवायचा नेम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन आजारांमधली ही भिंत पडायला हवी. कुष्ठरोगाच्या कामात मुरलेल्या तंत्रज्ञांकडे बधिर पायाचं जे ज्ञान आहे ते प्रत्येक शुगरच्या ओपीडीत बसवायला हवं.

तपासणी कठीण नाही. खेड्यात आरोग्यसेवक ती साध्या बॉलपेनने करतात. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, पेनचं टोक तळव्याला कातडीत जेमतेम खळगी पडेल इतकंच टेकवायचं आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. टाच, अंगठा, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. जिथे दाखवता आलं नाही तिथे रक्षण करणारी संवेदना गेलेली आहे. घरात दहा वर्षांपासून शुगर असलेलं कुणी असेल तर आज संध्याकाळी त्यांना खुर्चीवर बसवा, त्यांचे दोन्ही तळवे उजेडात पाहा आणि ही चाचणी करा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. अकोल्यात सर्वोपचार आहे, अमरावतीत इर्विन आहे, तपासणी आणि औषध दोन्हींना पैसे पडत नाहीत. आणि पायाला जखम असून ती दुखत नसेल तर त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.